अफूचा ठेका आणि वॉर्डातली खाट

१९४१च्या डिसेंबरात सेवाग्रामहून बारडोलीला जाताना गांधीजींनी आगगाडीच्या डब्यात बसून एक छोटी पुस्तिका लिहिली. ‘रचनात्मक कार्यक्रम’ हे तिचं नाव. खादी, ग्रामोद्योग, अस्पृश्यता निवारण, नई तालीम अशी एकेक कामं त्यांनी कार्यकर्त्यांपुढे मांडली आणि त्यांत एक कलम दारूबंदीचंही घातलं. या कलमात दारूच्या जोडीने अफूचं नाव आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. गांधीजी त्यात म्हणतात की, लाखो माणसं नशेच्या शापाखाली दबलेली असताना त्यांचं भवितव्य पुढच्या सरकारवर सोडून चालणार नाही. मग ते थेट डॉक्टरांकडे वळतात. दारुड्याला आणि अफूबाजाला व्यसनातून सोडवायच्या वाटा डॉक्टरांनी शोधून काढाव्यात, असं काम ते त्यांच्यावर टाकतात. स्त्रियांनी आणि विद्यार्थ्यांनी मायेने सेवा करून व्यसनी माणसाचा विश्वास मिळवावा, थकल्याभागल्या मजुराला टेकायला जागा, स्वस्त खाणं आणि चार खेळ मिळतील अशी ठिकाणं काँग्रेस समित्यांनी काढावीत, असंही त्यांनी सुचवलं आहे.

या कलमातलं मनाई करण्याचं काम सरकारांनी उचललं. वर्धा जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे आणि ती यशस्वी की अयशस्वी, यावर चौकाचौकात वाद झडतात. डॉक्टरांवर सोपवलेल्या कामाचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. अफूच्या जातीची नशा जडलेल्या माणसाला खाटेवर घेऊन बरं करायचं, ही कल्पना या भागात कधी आणि कशी आली? आणि त्या खाटेपर्यंत पोचण्याची तयारी माणसं आजवर कशी करत आली? हा इतिहास सांगायचा तर अफूच्या ठेक्यापासून सुरुवात करावी लागते.

नागपूरच्या भोसल्यांचं राज्य १८५४मध्ये इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६२मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला. पाचेक वर्षांत रेल्वे आली. हिंगणघाटचा कापूस आधीच नावाजलेला होता. आता जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, हिंगणघाट आणि पुलगावला गिरण्या निघाल्या. कापसाबरोबर मजुरी आली आणि मजुरीबरोबर अंगदुखी. दारू, गांजा आणि अफू या तिन्हींची विक्री परवान्यावर चाले आणि तिन्हींतून सरकारच्या तिजोरीत पैसा जाई. १८७८च्या अफू कायद्याने तर पिकवणं, साठवणं, विकणं सगळंच सरकारी परवान्याच्या कक्षेत आणलं. ठेकेदार लिलावात दुकान घेई आणि तोळ्या-माशाने अफू विकी. दुकानाबाहेर रांग लावण्यात कुणाला संकोच वाटत नसे, कारण अफू ही तेव्हा नशेइतकीच औषधाची वस्तू होती. हगवण, जुनाट खोकला, संधिवात, हिवताप या सगळ्यांवर ती एकच गोळी चाले. दवाखाना दूर आणि ठेका जवळ असला की माणूस जवळच्या दाराशी जातो. म्हातारपणी सांधे धरले म्हणून सुरू केलेली वाटाण्याएवढी गोळी मरेपर्यंत सुटत नसे. ओढायच्या प्रकारांना, म्हणजे मदक आणि चंडूला, समाजात मान नव्हता. गोळी गिळणाऱ्याला मात्र कुणी नाव ठेवत नसे.

सगळ्यात लहान गिऱ्हाईक पाळण्यात असे. कापूसपट्ट्यात आई वेचणीला किंवा जिनात गेली की तान्ह्या पोराला कुणी बघायचं, हा रोजचा प्रश्न होता. मोहरीएवढी अफू दुधात उगाळून बाळाच्या जिभेला लावायची आणि धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत त्याला निजवायचं. पोर दुपारभर रडत नाही, भूक मागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत तयार बाळागोळ्या मिळत. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या सरकारी महिला डॉक्टरने गिरणीतल्या बायकांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या ९८ मुलांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. १९३१मध्ये आलेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालातही गिरण्यांना पाळणाघरं हवीत, या शिफारशीमागे हेच कारण होतं. यात आईला दोष देणं सोपं आहे, पण तो अन्याय ठरेल. तिला दिवसाची मजुरी बुडवायची सोय नव्हती आणि पोराला सोबत न्यायची परवानगी नव्हती.

इंग्लंडमध्ये अफूविरोधी चळवळीचा दबाव वाढला, तसा १८९३मध्ये सरकारने लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला. नऊ सदस्यांत दोन भारतीय होते, दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागढचे हरिदास विहारीदास देसाई. शेकडो साक्षी झाल्या. त्यांत तुरुंगाचे डॉक्टरही होते. कैदी आत आला की त्याची अफू बंद होते, काही दिवस त्याला त्रास होतो, पण तो मरत नाही, असं त्यांनी सांगितलं. अफू तशी घातक नाही, या मताला ही साक्ष उपयोगी पडली आणि १८९५च्या अहवालाने अफूचा व्यवहार जवळपास आहे तसा चालू ठेवला. सदस्य हेन्री विल्सन यांनी आपलं विरोधी मत नोंदवलं, पण ते एकटे पडले.

तुरुंगातली ती साक्ष नीट वाचली की अंगावर काटा येतो. कैदी मरत नाही, एवढंच त्या डॉक्टरांनी पाहिलं. तो सुटल्यावर काय करतो, हे कुणी विचारलं नाही. पहिल्या दुपारीच तो ठेक्यावर जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. या काळात नशेबाजाला चार भिंतींच्या आत ठेवणाऱ्या जागा दोनच होत्या, तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ. मध्य प्रांतासाठी नागपूरचं इस्पितळ १८६४मध्ये निघालं होतं. अशा इस्पितळांच्या दाखल्यांत वेडाचं कारण म्हणून गांजा-अफूची नावं सर्रास घातली जात. ती किती बेफिकिरीने घातली जात, हे १८९३-९४च्या गांजाविषयक आयोगाने दाखले तपासून दाखवून दिलं. दोन्ही ठिकाणी माणूस आणला जाई. तो स्वतःहून येण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे तयारीचाही नव्हता.

अफूचा प्रश्न काँग्रेसच्या कामात आला तो आसाममधून. १९२१मध्ये गांधीजी तिथे गेले. अफू सोडा, असा प्रचार झाला, विक्री घटली आणि प्रचार करणारे कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९२४-२५मध्ये आसाम काँग्रेसने चौकशी समिती बसवली. सी. एफ. अँड्र्यूज या कामात होते आणि पुढच्याच वर्षी त्यांनी भारतातल्या अफूवर पुस्तिका लिहिली. साधारण याच काळात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा अफूच्या सवयीचा शास्त्रीय अभ्यास करत होते. कोण किती खातो, कशामुळे सुरू करतो, सोडताना शरीरात काय होतं, याची शिस्तीत नोंद भारतात तिथून सुरू झाली.

गांधीजी १९३४मध्ये वर्ध्याला आले, मगनवाडीत राहिले आणि १९३६मध्ये शेगावला गेले. पुढे त्याच शेगावचं नाव सेवाग्राम झालं. १९३८मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने दारूबंदीचा कायदा केला. मनाईचं पाऊल इथे पडलं. पण वर्ध्यात त्याच सुमारास दुसरंही काही घडत होतं आणि या इतिहासात त्याचं मोल कायद्यापेक्षा जास्त आहे. १९३६मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. घरच्यांनी टाकलेला, गावाने वाळीत टाकलेला माणूस तिथे राहायला येई, औषध घेई आणि अंगात असेल तेवढं काम करी. १९३९मध्ये कुष्ठरोग जडलेले परचुरे शास्त्री सेवाग्रामच्या आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना झोपडी दिली आणि रोज स्वतः त्यांचं मालिश केलं. हिंगणघाटला जन्मलेल्या मुरलीधर देवीदास आमट्यांनी, म्हणजे बाबा आमट्यांनी, पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं. ज्या आजाराची लाज वाटते, त्या आजाराच्या माणसाला रीतसर दाखल करून घ्यायचं, त्याला नावाने हाक मारायची, कामाला लावायचं आणि पायावर उभं करून परत पाठवायचं, ही रीत या मातीत कुष्ठरोगाच्या निमित्ताने रुजली. व्यसनी माणसाच्या वाट्याला ती यायला अजून पन्नास वर्षं जायची होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने अफूचा दरवाजा हळूहळू लावत नेला. १९४९च्या अखिल भारतीय अफू परिषदेत ठरलं की, प्रांतांना मिळणारी अफू दरवर्षी थोडी थोडी कमी करायची आणि दहा वर्षांत औषधाखेरीजचा वापर संपवायचा. त्याप्रमाणे १ एप्रिल १९५९पासून खाण्याच्या अफूची खुली विक्री बंद झाली. जुन्या सवयीच्या माणसांची नोंद झाली. डॉक्टरचा दाखला असेल तर ठराविक अफू परवान्यावर मिळे. या यादीतली माणसं म्हातारी होती, एकेक करत ती गेली आणि यादी आटत गेली. अफू संपली, असं सगळ्यांना वाटलं. सरकारी हिशेबाने ते खरंही होतं. पण या दहा वर्षांत अफू सोडवण्यासाठी खाटा किती काढल्या, डॉक्टर किती शिकवले, हे विचारलं तर उत्तर फारच तोकडं निघतं. माणसाला परवाना मिळाला, वॉर्ड मिळाला नाही.

वॉर्ड म्हणजे काय, हे वर्ध्याला सेवाग्रामने शिकवलं. कस्तुरबांच्या मृत्यूनंतर, १९४०च्या दशकाच्या मध्यात, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे स्त्रिया आणि मुलांसाठी छोटं रुग्णालय सुरू केलं. त्याचंच पुढे कस्तुरबा रुग्णालय झालं आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९मध्ये, त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. सुशीलाताई दारूबंदीच्या कट्टर पुरस्कर्त्या होत्या आणि त्या डॉक्टरही होत्या. गांधीजींच्या त्या कलमातल्या दोन्ही बाजू एका माणसात एकत्र आल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. याच रुग्णालयाच्या आसपासच्या गावांत डॉ. उल्हास जाजू यांनी ज्वारीवर आधारलेली आरोग्य विमा योजना राबवली. सुगीला घराघरातून ज्वारी गोळा करायची, ज्याची शेती मोठी त्याचा वाटा मोठा, आणि त्या बदल्यात वर्षभर गावाला सवलतीत उपचार. गावातलं कुणी दाखल व्हायचं असेल तर त्याची तयारी सुगीतच झालेली असे आणि ती एकट्या घराची नसे, गावाची असे. आजही एखाद्या घरात दागिना मोडून व्यसनमुक्तीचे पैसे भरले जातात, तेव्हा ती ज्वारीची कणगी आठवल्याशिवाय राहत नाही.

मग ‘गर्द’ आली.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस इराण, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात सत्तेची उलथापालथ झाली. सीमेवरच्या डोंगरात अफूपासून हेरॉइन काढणाऱ्या भट्ट्या चालू झाल्या आणि त्यातला मातकट, भेसळीचा माल मुंबईत उतरला. ब्राऊन शुगर, पावडर, गर्द अशी त्याची नावं. चांदीच्या कागदावर चिमूटभर भुकटी टाकायची, खालून काडी पेटवायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. जुन्या अफूबाजाला सवय जडायला महिनोन्‌महिने लागत. इथे काही आठवडे पुरत. ती मिळाली नाही की आठ-दहा तासांत जांभया सुरू होतात, नाकाडोळ्यांतून पाणी येतं, अंगावर शहारे येतात, पोटात मुरडा पडतो, हाडं फुटल्यासारखी दुखतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास कळसाला पोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. पिणारी पोरं याला ‘टर्की’ म्हणतात. टर्कीच्या भीतीने पोरगा घरातली तांब्याची भांडी विकतो, हे कळायला आईबापांना फार वेळ लागला.

लेखक अनिल अवचट मुंबई-पुण्यातल्या या मुलांमध्ये जाऊन बसले, त्यांच्याशी बोलले आणि त्यांनी लेख लिहिले; ‘गर्द’ हे पुस्तकही केलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले. यावर काहीतरी करा म्हणत त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्या रुग्णालयाच्या आवारातच २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. पुलंचं आनंदवनाशी नातं सर्वश्रुत आहे. वर्ध्याच्या आसपास कुष्ठरोग्यांच्या निमित्ताने रुजलेली माणुसकी एका अर्थाने अशी फिरून येरवड्याला गेली, असं म्हणायला हरकत नाही. मुंबईत फादर ज्यो परेरा यांचं कृपा फाउंडेशन १९८१पासून वांद्र्याच्या चर्चच्या आवारात काम करत होतंच.

अनिता अवचटांनी बसवलेल्या घडीतून महाराष्ट्राला व्यसनमुक्तीचा मुक्काम कळला. सुरुवातीचे दिवस टर्की उतरवण्याचे, त्यात औषधं आणि देखरेख. मग व्यायाम, गटात बोलणं, समुपदेशन, आवारातली कामं. हा मुक्काम साधारण ३५ दिवसांचा. बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट निघाला, कारण नवरा आत असताना बाहेर घर चालवणारी बाई स्वतः मोडकळीला आलेली असते. मुक्तांगणने आग्रह धरला तो माणसाच्या स्वतःच्या होकाराचा. हाताला धरून आणून टाकलेला माणूस अंगाने आत येतो, मनाने ठेल्यावरच असतो. तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ यांच्या परंपरेला छेद गेला तो इथे. होकार मागायचा म्हटलं की तयारी आपोआप येते: माणसाला वेळ द्यावा लागतो, काय होणार हे सांगावं लागतं, भीती ऐकून घ्यावी लागते.

कायद्यानेही या बाबतीत वाट ठेवली आहे. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा कडक म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या ७१व्या कलमात उपचार केंद्रं काढायची तरतूद आहे, हे कमी ठाऊक आहे. सेवन केल्याच्या किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर ६४अ कलमाने त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मात्र उपचार पूर्ण केला नाही तर ते काढूनही घेता येतं. पोलीस पकडतील या भीतीने दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या घरांना एवढी एक गोष्ट सांगितली तरी अर्धी तयारी होते. मे २०१८मध्ये लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाचे आजार आपल्या कक्षेत घेतले. सज्ञान माणूस स्वतः दाखल होऊ शकतो आणि स्वतः सुट्टीही मागू शकतो. निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याने नेमलेला प्रतिनिधी अर्ज करतो आणि अशा भरतीला सुरुवातीला तीस दिवसांची मर्यादा आहे. साखळीने बांधणं हा गुन्हा आहे. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, नातेवाइकांना भेटू देतात का, हे विचारण्याचा हक्क आता कागदावर आहे. तो बजावला पाहिजे, कारण ‘पोरगा सुधारून देतो’ म्हणत मारहाण करणाऱ्या जागा अजून चालतात.

वर्ध्यात आज कुणी घरात ‘चाल, भरती करू’ म्हणतं, तेव्हा समोरचा पदार्थ बहुतेक वेळा वाडवडिलांच्या काळातली अफूची गोळी नसते. ट्रॅमाडॉलच्या गोळ्या असतात, कोडीनचं खोकल्याचं औषध असतं, इंजेक्शन असतं, नागपूरकडून येणारी पावडर असते. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८मध्ये अमली पदार्थांच्या यादीत घातलं गेलं. एम्सने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २.१ टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात, असं निघालं. म्हणजे सव्वादोन कोटींच्या घरात माणसं. त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना उपचाराची गरज आहे, आणि यातली निम्म्याहून अधिक माणसं ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्र आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात व्यसन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मोहाची दारू येते. त्यामुळे गोळ्या खाणारा मुलगा वर्ष-दोन वर्षं कुणाला दिसतच नाही.

दिसल्यावर पहिली अडचण तारखेची. सोयाबीन निघू दे, तान्हा पोळा होऊ दे, बहिणीचं लग्न होऊ दे, मग जाऊ. कापसाची वेचणी तर कधीच संपत नाही. व्यसनी माणूस पुढची तारीख मागतो तेव्हा तो खोटंच बोलत असतो असं नाही; त्याला खरोखर भीती वाटत असते. पण घरच्यांनी ही तारीख दोनदा मान्य केली की तिसऱ्यांदा तो विषयच काढत नाही. जाणते समुपदेशक म्हणूनच सांगतात, होकार मिळाला त्याच आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात न्या, दाखल व्हायचं की नाही ते डॉक्टरला ठरवू द्या. सेवाग्राम वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर आहे, सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय शहराला लागूनच. दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मानसोपचार विभागही. दवाखान्यात जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

दुसरी अडचण खऱ्या आकड्याची. किती घेतो, हे माणूस डॉक्टरला कमी करून सांगतो आणि आईसमोर तर निम्मंच सांगतो. उपचाराच्या दृष्टीने हे धोक्याचं आहे. काय घेतो, किती, कशातून, शेवटची मात्रा कधी, याची कागदावर नोंद हवी. ती त्याने एकट्याने डॉक्टरला द्यावी, घरच्यांनी तेव्हा बाहेर बसावं. जोडीला दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर ते आधी सांगायलाच हवं. अफूच्या टर्कीत माणूस हैराण होतो, पण झोपेच्या गोळ्या किंवा दारू अचानक थांबली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. सुई वापरली असेल तर एचआयव्ही आणि काविळीच्या ‘ब’ व ‘क’ प्रकारांची तपासणी लागते. दमा, क्षय, मधुमेहाच्या जुन्या फायली न्याव्या लागतात. बाई गरोदर असेल तर घरी अचानक बंद करणं पोटातल्या बाळाला धोक्याचं असतं, तिने डॉक्टरशिवाय एक पाऊलही टाकू नये.

शेवटच्या मात्रेची वेळ का विचारतात, हे समजून घेण्यासारखं आहे. आज टर्की उतरवायला आणि पुढे सावरायला ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी देतात. अंगात हेरॉइन ताजं असताना ती दिली तर ती त्याला बाजूला सारून त्याची जागा घेते आणि माणूस तडकाफडकी टर्कीत जातो. म्हणून त्रास दिसू लागेपर्यंत थांबावं लागतं, बहुधा आठ ते बारा तास. घरून निघताना ‘वाटेत त्रास नको’ म्हणून कुणी शेवटची पुडी दिली असेल, तर ते लपवू नये. ओरडा खावा लागेल, पण गोळी योग्य वेळी मिळेल.

पिशवीचं म्हणाल तर ती साधीच असते. दोन-तीन जोड कपडे, चप्पल, आधार कार्ड, जुनी कागदपत्रं, एक वही. मोबाइल, रोख पैसे, ब्लेड, अत्तर बहुतेक केंद्रं आत घेऊ देत नाहीत. कॉलरची शिवण, बुटाचा तळ, बिडीचं बंडल तपासलं जातं. यात अपमान वाटतो आणि वाटणारच, पण आतल्या दुसऱ्या माणसाच्या जिवासाठीही ते लागतं. त्याहून जड पिशवी घरात राहते. कुणाकुणाचे पैसे द्यायचे आहेत, मालकाला काय सांगायचं, पोरांना काय सांगायचं. उसनवारीची यादी दाखल व्हायच्या आधी घरातल्या एका माणसाकडे दिली तर आत असताना तीच काळजी डोकं खात नाही. नोकरदाराने डॉक्टरच्या दाखल्यावर रजा घ्यावी. आजाराचं नाव साहेबाला सांगणं बंधनकारक नाही. मुलांना मात्र खोटं सांगू नये, असं या कामातली बहुतेक माणसं म्हणतात. बाबा आजारी आहे, बरा व्हायला दवाखान्यात गेला आहे, एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे.

सगळ्यात कमी बोललं जातं ते परत येण्याच्या दिवसाबद्दल, आणि जीव जातात ते तेव्हाच. महिनाभर नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी पचत असलेली मात्रा आता श्वास थांबवू शकते. तुरुंगातून सुटलेला तो जुना कैदी ठेक्यावर गेला, तेव्हा त्याच्यापुढे हाच धोका होता आणि कुणी त्याची नोंद घेतली नाही. दाखल होण्याआधीच पुढच्या भेटींच्या तारखा, औषध कुठून मिळणार आणि ते कुणाच्या हाती राहणार, हे ठरवून घ्यावं लागतं. ब्युप्रेनॉर्फिन काहींना महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. एक नशा सोडून दुसरी लावली, असं शेजारीपाजारी म्हणतात, पण रक्तदाबाच्या गोळीला कुणी तसं म्हणत नाही. नॅलट्रेक्सोन हे दुसरं औषध देणार असतील तर अंगात अफूवर्गीय काहीही शिल्लक नाही, याची खात्री करून मगच ते सुरू होतं. गोळीची पट्टी बायकोने किंवा भावाने सांभाळायची, रोज समोर द्यायची आणि पंधरा दिवसांनी दोघांनी मिळून दवाखान्यात जायचं. ज्या खोलीत तो ओढायचा ती आवरून ठेवायची, कागदाच्या पन्न्या, नळ्या, लपवलेल्या पुड्या काढून टाकायच्या, आणि ज्या मित्राचा फोन यायला नको त्याचा नंबर त्यानेच, स्वतःच्या हाताने, भरतीच्या आदल्या दिवशी पुसून टाकायचा.